अक्काच्या वाटीतलं वांगं

१८ नोव्हेंबर

अक्काने रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा, असं आज सर्जननी सांगितलं, म्हणून ही शंभर पानी वही आणली. उजव्या पानावर अक्काचं खाणं, डाव्या पानावर माझे विचार. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला पानाचे दोन भाग केल्याशिवाय सुचत नाही. डावं पान कुणाला दाखवायचं नाही. बायकोला, राजेश्वरीला, तर मुळीच नाही, ती आधीच मला हसत असते.

हकीकत अशी. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण शिवबाई, वय शहात्तर, गेल्या आठवड्यात अक्कलकोटकडच्या तिच्या गावाहून इथे जुळे सोलापूर भागात आमच्याकडे आली ती पोट धरूनच. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन लागणार. पण भाऊजी गेल्यापासून तिने खाणं इतकं कमी केलंय की सर्जन म्हणाले, "या प्रकृतीवर मी सुरी चालवणार नाही." वजन ३८.२ किलो. रक्तात प्रथिनं कमी. सहा आठवड्यांत तीन किलो वाढवून आणा, मग तारीख देतो, म्हणाले. आणि त्याआधी पुन्हा जोराचं दुखणं उठलं तर आहे त्या अवस्थेत ऑपरेशन करावं लागेल, मग खात्री देता येणार नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

तोवर तेल-तूप बंद, शेंगदाणे बंद. सोलापूरच्या बाईला शेंगाचटणी बंद म्हणजे जेवणच बंद की.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि अक्का सोळाची. मला तिनेच वाढवलं. मला भीती वाटते आहे. हे एकदा लिहून टाकलं, आता गणिताकडे वळतो.

२० नोव्हेंबर

आहारतज्ज्ञ बाईंनी यादी दिली: डाळी, मोड आलेली कडधान्यं, बिनसायीचं दूध, सोयाबीन, अळंबी. अक्का म्हणते डाळीने पोट फुगतं. दूध नको. मोड आलेले मूग दातांत अडकतात. अंड्याचा प्रश्नच नाही, आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी मोठ्याने घेत नाही.

दुपारभर मोबाईलवर अभ्यास केला. उत्तर अळंबी. चरबी जवळजवळ नाही, म्हणजे पित्ताशयाला त्रास नाही. तंतू आहेत, पोटॅशियम आहे, ब गटातली जीवनसत्त्वं आहेत. काढल्यावर थोडा वेळ उन्हात ठेवली तर त्यात ड जीवनसत्त्वही तयार होतं. आणि प्रथिनं शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम! अक्काला रोज लागणार पंचेचाळीस. म्हणजे दीडशे ग्रॅम अळंबी. गणित सुटलं. तक्ता करून फ्रिजवर चिकटवला.

संध्याकाळी अक्काला विचारलं.

"मला न्हाई चालत ते," ती म्हणाली.

"का पण?"

"न्हाई चालत म्हंजे न्हाई चालत, तम्मा. साकु."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ आणि साकु म्हणजे पुरे. अक्का कानडीवर आली की चर्चा संपली असं समजायचं. खेड्यात अळंबीला कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात, तेच डोक्यात बसलं असणार. दुसरं काय? आमच्या शेजारच्या राजाबाई मुलाला नोकरी लागावी म्हणून वर्षभर भात सोडून बसल्या होत्या. देव काय लोकांच्या ताटात डोकावत बसतो? बायकांपुढे विज्ञान म्हणजे भिंतीवर पाणी मारणं.

२३ नोव्हेंबर

मोडनिंबला जाऊन आलो. धनाजीची हायवेच्या आत अळंबीची शेड आहे. हा माझा विद्यार्थी, दहावीला गणितात दोनदा नापास. आता आठ बायका कामाला आहेत त्याच्याकडे.

"सर, तुमी? हितं?" म्हणून पायाच पडला. शेडमध्ये गोणपाटाचे ओले पडदे आणि आत दोरीला टांगलेल्या गव्हाच्या काडाने भरलेल्या पिशव्या. त्यांच्या भोकांतून पांढरे झुपके बाहेर आलेले. त्याने किलोभर ताजी धिंगरी अळंबी बांधून दिली आणि वर सहा पिशव्या दिल्या.

"पिशव्या पांढऱ्या झाल्यात, आठ दिसांत फुटतील. दिवसातनं चारदा पाणी मारा, बास. आन रानातली कसली बी उचलून खाऊ नका सर, त्यातली काही इखारी असत्यात."

मी त्याला माझं प्रथिनांचं गणित समजावून सांगितलं. "सर, पर ते तीस ग्रॅमचं..." असं काहीतरी तो म्हणत होता, पण मी त्याला थांबवलं. दोनदा नापास झालेल्याने निदान गुणाकारात तरी तोंड घालू नये.

पिशव्या मागच्या न्हाणीघरात टांगल्या. आता तिघांना मिळून एकच न्हाणीघर. राजेश्वरी म्हणाली, "अळंबीची चंगळ आहे, आमचं काय!"

२४ नोव्हेंबर, रविवार

वजन ३८.०. कमीच झालं.

आता संकोच करून चालणार नाही. राजेश्वरीला म्हटलं, अळंबी बारीक चीर, काळा मसाला घाल, आणि अक्काला सांग वांग्याची भाजी आहे. ती म्हणाली, "मी नाही खोटं बोलणार. तुम्हीच बोला." म्हणून मीच वाटी अक्कासमोर ठेवली आणि म्हणालो, "खा अक्का. वांगं आहे."

अक्काने वाटीत पाहिलं. वाटी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. मग माझ्याकडे पाहिलं.

"वांगं व्हय?"

"हो. वांगं."

आणि ती हसायला लागली. कुशीत दुखतं म्हणून तिथे हात दाबून धरला तरी हसतच राहिली. डोळ्यांतून पाणी आलं. भाऊजी गेल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मग वाटी बाजूला सारून म्हणाली, "आज पोट भरलं. उद्या खाईन."

नंतर दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. मी गेलो तेव्हा गप्प झाल्या. राजेश्वरीचे डोळे लाल दिसले. कांदा चिरत होते म्हणाली. कांदा कुठे दिसला नाही.

२५ नोव्हेंबर

अक्काने अख्खी वाटी खाल्ली! वर अर्धी भाकरी. राजेश्वरीने भाजी अशी काही केली होती की तुकडे जरा चिवट लागत असावेत, पण अक्का चावून चावून खात होती. मलाही वेगळ्या पातेल्यातली वाढली. दोन पातेली कशाला, म्हटलं. म्हणाली, अक्कांची बिनतेलाची. बरोबर आहे. मी काळजी घेणाऱ्यांत आहे, पण ही माझ्याही पुढे गेली.

अक्काने भोळेपणाने वांगं समजून खाल्लं. फसवल्याचं थोडं वाईट वाटतं.

१ डिसेंबर, रविवार

वजन ३८.६.

पिशव्या फुटल्या, झुपके बाहेर आले. सकाळी न्हाणीघरात गेलो तर अक्का आधीच तिथे स्टुलावर बसलेली, हातात इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा फवारा. मी म्हटलं, तू कशाला? म्हणाली, "मग काय करू? नुसतं बसून खायचं, पावण्यासारखं? घास उतरत न्हाई तसा."

मी तक्त्यात पाणी मारायच्या वेळा लिहिल्या होत्या. तिने तक्त्याकडे बघितलंही नाही. हाताच्या मागल्या बाजूने झुपका चाचपते आणि ठरवते. मी लगेच झुपके काढायला निघालो तर ओरडली, "आता न्हाई, दुपारच्याला. आन कडा वर वळायच्या आत काढायचे. मुळापासनं पिळून, कापून न्हवं. अणबे कोवळं असतानाच ग्वाड." अणबे म्हणजे कानडीत अळंबी. न चालणाऱ्या वस्तूची इतकी माहिती हिला कुठून, कोण जाणे. खेड्यातल्या माणसांना सगळंच थोडं थोडं येतं.

काढलेली अळंबी मी ताटात उलटी मांडून वीस मिनिटं गच्चीत ठेवली, ड जीवनसत्त्वासाठी. राजेश्वरी वाळवण बघायला वर आली होती. म्हणाली, "तुम्हीही पडा शेजारी उताणे. तुमचंही कमी आलंय ना?"

८ डिसेंबर, रविवार

वजन ३९.५! सर्व काही तक्त्याबरहुकूम.

अक्काचा दिनक्रमच बदललाय. सकाळी इष्टलिंगाची पूजा, मग पिशव्या, मग न्याहारी. पूर्वी पूजा तासभर चालायची आणि तोवर भूक मेली म्हणायची. आता वीस मिनिटांत उठते. हुलग्याचं माडगं पिते, वाटीभर. डाळीने पोट फुगतं म्हणणारी बाई हुलगे पचवते आहे. अळंबीतल्या तंतूंचा गुण.

किरकोळ नोंदी: मूग पुन्हा संपले म्हणून राजेश्वरीने यादी दिली. परवाच किलोभर आणले होते. घरात उंदीर झालेत का ते बघायला हवं. फ्रिजमागे एका भांड्यात पिवळट, स्पंजासारख्या कसल्याशा वड्या पाण्यात फुगत होत्या. विचारलं तर म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा की. स्वयंपाकघराचाही तक्ता करणार का?"

माझं पोट अलीकडे घड्याळासारखं साफ होतं. पट्ट्याला आत एक भोक पाडावं लागलं. रोज दोन वेळा अळंबी माझ्या ताटात असतेच. अक्काला दीडशे ग्रॅम गेल्यावर उरतात किती, हे गणित काही जमत नाही, कारण मला उरल्यासारखी नाही, सगळीच वाढल्यासारखी वाटते.

११ डिसेंबर

आज जेवताना अक्का म्हणाली, "तम्मा, माझ्यासमोर तरी चटणी खाऊ नगं रे. वास घेऊनच माझी भाकरी संपतीया." मी हसलो आणि पेपर आडवा धरून खाल्ली. शेंगाचटणीशिवाय मला घास उतरत नाही, सहाव्या वर्षापासून. माझा एवढा एकच दोष.

१५ डिसेंबर, रविवार

वजन ४०.२. राजाबाईंना एक झुपका भेट दिला आणि पंधरा मिनिटं माहितीही दिली. झुपका त्यांनी आनंदाने घेतला.

१७ डिसेंबर

पहाटे अक्काच्या कुशीत दुखायला लागलं. रिक्षा बोलावून निघायच्या तयारीत होतो. अर्ध्या तासाने आपोआप थांबलं. त्या अर्ध्या तासात तिने माझा हात धरला होता आणि मला धीर देत होती. मला एकही आकडा आठवला नाही.

२२ डिसेंबर, रविवार

वजन ४०.७. आठवडा उरला.

२७ डिसेंबर

आजचा दिवस वाईट गेला. खरं ते लिहितो.

धनाजी नव्या पिशव्या घेऊन आला. चहा पिताना फ्रिजवरचा तक्ता वाचत उभा राहिला. मान खाजवली.

"सर, राग मानू नका. हे तीस ग्रॅम वाळलेल्या अळंबीचं हाय. ताज्या शंभरातलं नव्वद तर पाणीच असतंय की. ताजीत तीन ग्रॅम. सव्वातीन म्हणा."

मी मोबाईल काढला. तोच तक्ता, तेच पान. वरची ओळ ताजी, खालची वाळलेली. मी खालच्या ओळीतला आकडा उचलला होता. छत्तीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडलो, आधी ओळ बघा, मग आकडा लिहा.

"तरी लई चांगली वस्तू हाय सर," धनाजी मला समजावत होता. "पोटाला हलकी, चरबी न्हाई. पर एकट्या अळंबीवर माणूस उभा राहत न्हाई. संगं डाळ-कडधान्य पायजेच."

तो गेल्यावर पुन्हा गणित केलं. दीडशे ग्रॅमात पाच ग्रॅम. पंचेचाळीसच्या जागी पाच! मग अक्काचं वजन वाढलं कशाने?

२८ डिसेंबर

अक्का पूजेला बसल्यावर स्वयंपाकघरात गेलो आणि डबे उघडायला लागलो. तिसऱ्या डब्यात सोयाबीनच्या वड्या सापडल्या. त्याच, स्पंजासारख्या. मागे रिकामी पाकिटं घडी घालून ठेवलेली, आठ.

राजेश्वरी दारात उभी होती. म्हणाली, "मोजून झालं असेल तर बसा."

मग तिने सांगितलं. अक्काने अळंबीचा एक तुकडासुद्धा तोंडात घातलेला नाही. त्या पहिल्या दिवशी वाटी नाकाशी नेली तेव्हाच तिने ओळखलं होतं. माझ्या ताटात अळंबी आणि तिच्या वाटीत काळ्या मसाल्यात बारीक केलेल्या सोयावड्या, मुगाची आमटी, बिनसायीच्या दुधाचं ताक, हुलग्याचं माडगं. सगळं आहारतज्ज्ञ बाईंच्या यादीतलं. मी यादीतली शेवटची ओळ तेवढी वाचली होती.

"पण मग तिला अळंबी चालत का नाही?"

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला."

"राजेश्वरी."

ती थोडा वेळ ओट्यावरून फडकं फिरवत राहिली. मग म्हणाली, आई गेल्या त्या पावसाळ्यात तुम्हाला विषमज्वर झाला होता. आठवतं? मला ताप आठवतो, बाकी काही नाही. मी म्हणे बारा दिवस काही खाल्लं नव्हतं. अक्काला अळंबी जिवापाड आवडायची. आईबरोबर वारुळाजवळून कुठली घ्यायची, कुठली नाही, ते शिकली होती. पण वडिलांना घरात चालायची नाही. तिने गोठ्यामागे तीन दगड मांडून मडक्यात शिजवली आणि मला भरवली. हे काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "वांगं हाय. खा." मी सगळी खाल्ली आणि आणखी मागितली. तिथून उतार पडला. आणि अक्काने गावच्या मल्लिकार्जुनाला सांगितलं होतं, माझा भाऊ उठू दे, अणबे मी जन्मात तोंडात घालणार नाही.

साठ वर्षं झाली त्याला.

"मला का नाही सांगितलं कधी?"

"मीही तेच विचारलं त्यांना. म्हणाल्या, ज्याच्यासाठी सोडलं त्यालाच सांगितलं तर नवस कसला? उपकार झाला की तो."

मी न्हाणीघरात गेलो. अक्का पूजा उरकून स्टुलावर बसली होती, फवारा मारत, ज्याची चवही घ्यायची नाही असं ठरवलंय त्यालाच पाणी घालत. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं रे, तम्मा?"

"काही नाही. फवारा उडाला डोळ्यांत."

"मी तर भिंतीकडं मारतीया," ती म्हणाली.

२९ डिसेंबर, रविवार

वजन ४१.३. फ्रिजवरचा तक्ता काढला. राजेश्वरीने तो फाडू दिला नाही, डब्यात जपून ठेवलाय. वर्षानुवर्षं मला चिडवायची सोय झाली.

आज जेवताना चटणीची बरणी पुढे आली. मी घेतली नाही.

३० डिसेंबर

सर्जननी रक्ताचे रिपोर्ट पाहिले. "काय दिलंत हो यांना?" मी म्हणालो, "मी नाही, हिने दिलं." तारीख मिळाली, तीन जानेवारी.

३ जानेवारी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत नेताना अक्का म्हणाली, "पिशव्यांना पाणी मार. जास्त नगं, तुझा हात लई जड हाय." एवढंच. दार लागलं.

राजेश्वरीने डबा उघडला. भाकरी, अळंबी, कोपऱ्यात शेंगाचटणी. मी चटणीला हात लावला नाही. "पित्त झालंय," म्हणालो. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेले पाच दिवस बरणी तशीच भरलेली का, ते तिला कळलं असावं. एरवी दहा टोमणे मारले असते. आज तिने गुपचूप चटणी आपल्या भाकरीवर घेतली आणि झाकण लावलं.

घास मात्र खरोखरच उतरत नाही चटणीशिवाय. सोपं नाहीये हे.

दोन वाजता सर्जन बाहेर आले. सगळं नीट झालं. मी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

१२ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेची गर्दी सुरू झाली. अक्का दुपारी स्वतः चालत ताटावर येऊन बसली. टाके निघालेत, थोडं थोडं सगळं खायला परवानगी आहे. दोन महिन्यांनी तिने चिमूटभर शेंगाचटणी भाकरीवर घेतली, डोळे मिटून खाल्ली आणि बरणी माझ्याकडे सरकवली.

"घे की तम्मा. आता काय चोरून खायला नगं पेपरामागं."

"नको."

"का रं?"

राजेश्वरी पाणी ओतायची थांबली. मी ताटात बघत म्हणालो, "मला नाही चालत."

अक्का भाकरीचा तुकडा हातात धरून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग राजेश्वरीकडे पाहिलं. राजेश्वरी खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं आता ती रागावणार, किंवा रडणार.

तिने बरणीचं झाकण घट्ट लावलं, अळंबीची वाटी उचलून माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "मग वांगं घे."